ग्विलिमच्या गाडीतला ‘ला’

हेब्रोन ह्या विलायती खेड्यात निम्मं गाव प्यू आडनावाचं आणि उरलेलं बेब. एका गल्लीत चार-चार जॉन प्यू राहतात. त्यामुळं आडनाव टपालापुरतं. माणूस ओळखायचा तो टोपणनावानं. आणि हे टोपणनाव कुणी लाडानं ठेवत नाही. माणसाच्या हातून एखादी गोष्ट एकदा घडते आणि गाव ती त्याच्या पाठीला डांबरासारखी चिकटवून टाकतं. ओवेन प्यू एका मयतीला ऐन प्रार्थनेत शिंकला. झाला ओवेन शिंक. त्याला जाऊन जमाना झाला. त्याची नात शहरात मोठी डॉक्टरीण आहे, पण सुट्टीला गावात आली की बायका आजही म्हणतात, “शिंकांची पोरगी आली गं.” मेगन बेब उभ्या जन्मात एकदाच पुलावरनं ओढ्यात पडली. ती मेगन ओढा. तिच्या थडग्यावर नावाखाली तेच कोरलंय, आणि कोरणाऱ्यानं हौसेनं शेजारी एक लहानसा पूलही काढलाय.

अशा गावात इद्वल बेबचं नाव होतं इद्वल कान. ह्याहून इभ्रतीचं नाव हेब्रोनमध्ये कुणाचं नव्हतं, आणि इद्वलला ते पक्कं ठाऊक होतं.

नाव बापाकडनं आलेलं. बाप एलिस पाटीच्या दगडाच्या खाणीत मालाच्या वाघिणी ओढायच्या यंत्रावर होता. फावड्याच्या दांड्याचं एक टोक तो यंत्राला टेकवायचा, दुसरं कानात घालायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, “तिसरं बेरिंग. जातंय आता.” आणि ते जायचंच. म्हणून एलिस कान. खाण बंद पडली, एलिस वारला, थडग्याच्या दगडावर ‘कान’ कोरलं गेलं, आणि तो दांडा, ते नाव आणि थोडी जास्तीची घमेंड असं सगळं इद्वलच्या वाट्याला आलं. चॅपलच्या मागं पूर्वी पाद्र्याच्या घोड्याचा तबेला होता, तिथं त्यानं जुन्या गाड्यांचं गॅरेज घातलं. गाडी दाराशी आली की तो आधी हात वर करून म्हणायचा, “बोलू नगा. तिला बोलू द्या.” मग दांडा कानात. गिऱ्हाईक बापडं पावसात उभं.

शिवाय इद्वल गावच्या भजनी... म्हणजे आपण भजनी म्हणू, तिथं त्याला पुरुषांचं गायनमंडळ म्हणतात, त्यात खर्जातला गडी. हेब्रोनमध्ये पोराला दात येण्याआधी डो-रे-मी, म्हणजे तिकडचं सा-रे-ग, येतं. त्यामुळं गाडीचा बिघाडसुद्धा गावात सुरांतच सांगतात. “इद्वल, दुसऱ्या गिअरला ‘सो’ लागतोय बघ,” असं चारचौघांत बोललं जातं आणि कुणाला त्यात नवल वाटत नाही.

खर्जात इद्वलच्या उजव्या हाताला उभा राहायचा ग्विलिम प्यू. चॅपलचा थोरला पंच. गावातली अलीकडची एकूण एक टोपणनावं ह्या ग्विलिमच्या तोंडातनं निघालेली. बुधवारी तालीम झाली की चॅपलमागच्या खोलीत चहा आणि बेदाण्याचा पाव असायचा. तिथं ग्विलिम कप खाली ठेवून एखादं नाव उच्चारायचा, आणि दुसऱ्या दिवशी ते खाटकाच्या फळ्यावर लिहिलेलं असायचं. त्याला स्वतःला मात्र टोपणनाव नव्हतं. सगळ्या प्यूंमध्ये तेवढा एकच नुसता ग्विलिम.

त्याच्याकडं एक हिरवी, दोन माणसांची, कापडी टपाची स्पोर्ट्स गाडी होती. तरुणपणी लग्नाऐवजी घेतलेली. एकदा शब्द दिलेल्या पोरीच्या बापाला त्यानं तसं तोंडावर सांगितलं होतं, की दोन्ही परवडणार नाही. बनवणाऱ्या कारखान्याला कुलूप लागून युगं झाली, पण गाडी चालत होती. ग्विलिम ती ताशी चाळीस मैलांनी चालवायचा. चढ असो, उतार असो, मेंढरं असोत, वरात असो, चाळीस. आणि चाळीसला त्या गाडीचा मागचा गोळा, म्हणजे डिफरन्शियल, तीस वर्षं एकच सूर धरून रडत आला होता. ‘ला’. खालचा. तळ्यापलीकडं ‘ला’ ऐकू आला की लोक चहाला आधण ठेवायचे, की ग्विलिम येतोय.

आता बघा, माणसानं सांगितलं तेवढंच करावं. पण घमेंड असली की हात थांबत नाही. त्या वर्षी गाडीच्या तपासणीआधी ग्विलिमनं गाडी इद्वलकडं आणली ती फक्त तेलगळतीसाठी. इद्वलनं गोळा उघडून बघितला. क्राऊन आणि पिनियन ह्या आतल्या दोन दातेरी चाकांचे दात म्हाताऱ्या घोड्यासारखे झिजलेले. मोडलेले नव्हते, आणखी वीस वर्षं रडत चालले असते. पण इद्वलला राहवलं नाही. भंगारात निघालेल्या तसल्याच एका गाडीचा गोळा त्याच्याकडं पडून होता, दात कोरे करकरीत. त्यानं जुना गोळा काढून बाकाखाली ढकलला आणि तो बसवला. एक पैसा लावला नाही, एक शब्द बोलला नाही. म्हटलं, चालवंल तेव्हा कळंल, की कानानं काय केलंय ते.

चालवल्यावर कळलंच. रविवारची प्रार्थना संपते न संपते तोच ग्विलिम गॅरेजच्या दारात.

“इद्वल, माझी गाडी आवाज करतीया.”

“करतीया? ग्विलिमदादा, आता कुटं ती गप झालीया!”

“आदी गपच हुती. तू हात लावलास आन् बोलाया लागली.”

इद्वल गाडी घेऊन एकटाच तळ्यापर्यंत जाऊन आला. टायरांची सरसर आणि वारा, बस्स. लोण्यातनं सुरी फिरावी तशी गाडी. परत येऊन त्यानं किल्ली ग्विलिमच्या हातावर ठेवली.

“काय बी न्हाई.”

“तुझ्याम्होरं गप ऱ्हाती. पाव्हणं आलं की पोरं न्हाई का शाणी हुत्यात!”

“मग तुमी चालवा, मी बाजूला बसतो.”

“मीच चालवनार. माझ्या गाडीत मी कुनाच्या बाजूला बसत नसतो.”

गेले दोघं. चॅपलचा कोपरा वळून सरळ रस्त्याला लागले, काटा चाळीसवर आला, आणि खरंच सांगतो, आवाज आला. खालचा ‘ला’. लांबलचक, थोडा घोगरा, न तुटणारा. इद्वलचं तोंड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं मऊ झालं. आवाज सापडला की त्याला कायम असंच व्हायचं.

“आला! ग्विलिमदादा, आता क्लच दाबा.”

ग्विलिमचा डावा गुडघा पार कामातनं गेलेला. क्लच दाबायचा म्हणजे ओठ दाताखाली धरून, श्वास आत ओढून पाय खाली घालावा लागे. त्यानं दाबला. आवाज बंद. सोडला. आवाज सुरू.

“गिअरबॉक्स,” इद्वल म्हणाला, “म्होरलं बेरिंग. पोरगं बी सांगंल.”

गिअरबॉक्स खाली उतरला. बेरिंग बदललं. गाडी चाळीसला गेली आणि ‘ला’ तिथंच.

दुसऱ्या फेरीत इद्वलच्या ध्यानात आलं, की उजव्या वळणावर आवाज चढतो आणि डाव्या वळणावर दबतो. ग्विलिमचं पोट मोठं. वळणावर तो अख्खा कलायचा आणि पोट स्टिअरिंगवर रेलायचं. त्याच्याकडं कोण बघतंय? इद्वलचे डोळे मिटलेले. वळणावर बदलणारा आवाज म्हणजे चाकाचं बेरिंग, हे तर शेंबडं पोर सांगंल. मागची दोन्ही बेरिंगं बदलली. मग पुढचीही बदलली, अब्रूसाठी. ‘ला’ तिथंच.

मग खड्ड्यांतनं नेली. खड्डा आला की आवाज तुकड्यातुकड्यानं येतो, ला-ला-ला. म्हणजे प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, मागच्या चाकांकडं जाणाऱ्या दांड्याचे सांधे. दोन्ही क्रॉस नवे. ‘ला’ तिथंच. आणि इद्वल एकटा गाडी घेऊन गेला की ती मुकी.

“तुझं आन् तिचं काय साटंलोटं हाय का?” ग्विलिमनं विचारलं.

शेवटी डिक्कीत माणूस घालायचं ठरलं. मागनं येणारा आवाज डिक्कीत झोपून ऐकायचा ही जुनी रीत आहे, आणि हेब्रोनमध्ये डिक्कीत मावणारा माणूस एकच: टेगिड, टपालवाला, गायनमंडळातला वरच्या पट्टीचा गायक, उंचीनं बेताचा. त्याला ब्लँकेट घालून आत निजवलं आणि झाकण लावलं. ग्विलिमनं तळ्याला चक्कर मारली, घड्याळ बघितलं, तालमीची वेळ झाली होती, आणि तो सरळ चॅपलला जाऊन आत गेला. टेगिड डिक्कीतच. झाकण आतनं उघडत नव्हतं. खिडकीतनं गाणं ऐकू आल्यावर बिचाऱ्यानं काय करावं? आपली पट्टी आली तिथं तो आतनंच गायला. आत गायनमंडळाला शिकवणारी बाई मोरवीथ हातातली छडी थांबवून म्हणाली, “आज वरचा सूर काय गोड लागलाय! लांबनं आल्यासारखा. रोज असंच गा.”

तालीम सुटल्यावर त्याला बाहेर काढला, तेव्हा तो रागावलेला नव्हता. हातात कप दिल्यावर म्हणाला, “आवाज मागनं न्हाई. म्होरनं येतोय. तुमी बसता तिथनं.”

“म्हंजी मधनं,” इद्वल म्हणाला.

“मधनं म्हन. आन् एक सांगू? ‘ला’ जरासा उतरलेला हाय.”

ग्विलिमनं कप खाली ठेवला. तो कप खाली ठेवायचा तेव्हा सगळ्यांना काळजी वाटायची.

“माझ्या गाडीचा सूर उतरंल व्हय रं, टेगिड?”

“न्हाई, तसं न्हाई... डिक्कीत जरा गारठा हुता, मला तसं वाटलं आसंल.”

“आसंल.” ग्विलिम मग इद्वलकडं वळला. “आता माझं ऐका सगळी. शनिवारी जिल्ह्याच्या गाण्याच्या फडाला जायाचं. मंडळाची बस मागं, माझी गाडी म्होरं, दर साली जाती तशी. त्या रोजी गाडीत हा आवाज आला, तर ‘कान’ हे नाव काडून घ्यावं म्हंतो मी. खालच्या गावात तो पोरगा हाय, गाडीला वायर लावून कॉम्प्युटरवर बघतो. त्याला दिऊ.”

“आन् इद्वलला काय म्हनायचं?” कुणीतरी विचारलं. असं विचारणारं कुणीतरी असतंच.

“बघू की. बहिरा बेब. कसं वाटतंय?” पावाचा तुकडा तोंडात टाकून ग्विलिम पुढं म्हणाला, “एलिसच्या दगडावरचं ऱ्हाऊ दे. त्यो खरा कान हुता.”

हे शेवटचं जे बोलला ते इद्वलच्या वर्मी लागलं. बहिरा म्हटलं असतं तर त्यानं चार शिव्या हासडल्या असत्या. पण रोज गॅरेजला जाताना वाट थडग्यांमधनंच जाते. रोज सकाळी तो दगड बघायचा, त्यावर ‘कान’, आणि आपण खाली बहिरे. पुढं आपला दगड त्याच्याशेजारीच लागणार. बापाच्या मांडीला मांडी लावून जन्मभर, म्हणजे मरणभर, शोभा.

घरी बायको लोवरी बटाटे सोलत होती. तिला सगळं आधीच कळलं होतं.

“नाव गेलं म्हनून जेवण जात न्हाई,” ती म्हणाली.

“तुला काय त्याचं! तू लोवरी कावळा.”

लोवरीला गाता येत नव्हतं. हेब्रोनमध्ये ही एक तऱ्हेची अपंगताच. लहानपणी चॅपलमध्ये तिनं एकदा तोंड उघडलं आणि ग्विलिमनं तिथल्या तिथं नाव ठेवलं.

“कावळ्याला गायला कुनी बोलवत न्हाई. लई निवांत आसतंय,” ती म्हणाली. “तुझा आवाज कुटनं येतोय ते त्या ग्विलिमलाच इचार की. समदं त्यालाच ऐकू येतंय.”

“मलाबी येतंय.”

“तो आसंल तवाच ना?”

हे इद्वलनं ऐकलं, पण ऐकून घेतलं नाही. कानवाल्यांचं असंच असतं.

शुक्रवारी शेवटची फेरी. इद्वलनं आपल्या बाजूची सीटच काढून टाकली, आणि तिथं गुडघे टेकून, तोंड मागं करून, बापाचा दांडा कानात घालून बसला. रस्त्यावरच्या बायकांना वाटलं ग्विलिम त्याला पश्चात्तापाला नेतोय. गाडी चाळीसला आली आणि ‘ला’ सुरू झाला. इद्वलनं दांड्याचं टोक मागच्या गोळ्याच्या बाजूला टेकवलं. आतनं आला तो कोऱ्या दातांचा स्वच्छ, सज्जन आवाज. टोक पुढं सरकवलं. शाफ्टवरचा पत्रा: सज्जन. गिअरची दांडी: सज्जन. हँडब्रेक: मुका. फळी, दार, सगळं धुतल्या तांदळासारखं. मग टोक ग्विलिमच्या सीटच्या सांगाड्याला लागलं आणि कानात बारीक झिणझिण आली.

“सीट!” इद्वल ओरडला.

“सीटला गिअर आस्त्यात व्हय?” ग्विलिम म्हणाला, आणि तो बोलला तेवढा वेळ झिणझिण थांबली.

पुढं पुलाचा उंचवटा होता. गाडी उडाली, दांडा सुटला, आणि टोक जाऊन टेकलं थेट ग्विलिमच्या गळ्याच्या हाडाखाली. इद्वलच्या कानात अख्खा बैल शिरला. ‘ला’! घसघशीत, भरदार, तीस वर्षांचा मुरलेला ‘ला’, जरासा उतरलेला.

इद्वलनं डोळे उघडले. दांड्याच्या पलीकडच्या टोकाला ग्विलिमची दाढी होती, मिटलेले ओठ होते आणि नाकपुड्यांतले केस वाऱ्यावर हलल्यासारखे थरथरत होते. वारा दुसऱ्या बाजूनं होता.

“काय? गावलं का?” ग्विलिमनं विचारलं. ‘ला’ थांबला. उत्तर आलं नाही म्हणून त्यानं तोंड मिटलं. ‘ला’ सुरू.

एवढ्यात मेंढरं आडवी आली. ग्विलिमनं पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं. कळप सावकाश चालला होता, गाडी जागच्या जागी उभी, चाक फिरत नाही, दात हलत नाही, आणि ‘ला’ चालू. मेंढ्या वळून बघायला लागल्या.

“ऐक, ऐक!” ग्विलिम तळमळून म्हणाला. “इंजिन बंद, तरीबी हाय! किती खोलवर गेलाय बिगाड, बघ!”

इद्वलला सगळं उमगलं. गोळा तीस वर्षं रडला आणि त्याच्या सुरात सूर मिसळून हा माणूस तीस वर्षं गुणगुणला. दोन आवाज एकात एक मुरले. आता एक काढून घेतला तर दुसरा उघड्यावर पडला. ग्विलिमच्या लेखी तो सूर गाडीचाच. तो आता कुठनं निघतोय ह्याची चौकशी त्यानं कशाला करावी? आणि कानवाल्याला तो का कळला नाही? तर इद्वल त्याच्या डाव्या हाताला उभा राहून तितकीच वर्षं गात आला होता. तो आवाज त्याला जगाचाच एक भाग वाटायचा, पावसासारखा.

आणि मग दुसरी गोष्ट उमगली. दर वर्षी जिल्ह्याच्या गाण्याच्या फडात हेब्रोन हरायचं. दर वर्षी परीक्षक एकच शेरा द्यायचे: शेवटच्या हळू कडव्यात खाली कसलीतरी घरघर. मोरवीथबाईनं एका वर्षी तंबूतले पंखे बंद करायला लावले. एका वर्षी आईस्क्रीमवाल्याची गाडी लांब नेली. एका वर्षी तंबूमागं बांधलेली गाय सोडवून दुसऱ्या शेतात पाठवली, गाईच्या मालकाशी भांडून. घरघर काही गेली नाही.

“ग्विलिमदादा,” इद्वल जपून म्हणाला, “गाडी चालवताना तुमी कदी... गुणगुणता का?”

“मी? रस्त्यावर डोळं ठिवावं का गाणी म्हनावी? तोंड मिटल्यालं आसतंय माझं.”

“तोंड मिटल्यालं. पर नाकातनं?”

ग्विलिमनं हळूहळू मान वळवली. “नाकानं मी श्वास घेतो. चॅपलमदी खर्ज धरून हयात गेली माझी, न बोलावता सूर लावायला मी काय कोंबडा हाय? इद्वल, कारण घावना म्हनून माझ्या नाकावर येऊ नगंस. नाव वाचवायचं तर उद्याच्याला आवाज बंद कर. बस्स.”

हेब्रोनमध्ये एखाद्याला ‘तुझी बायको पळाली’ म्हटलं तर तो तुम्हाला चहा तरी विचारेल. ‘तुझा सूर लागला नाही’ म्हटलं तर तीन पिढ्या बोलणं बंद.

संध्याकाळी इद्वलनं गाडी जॅकवर घेतली. बाकाखालनं जुना, झिजक्या दातांचा गोळा ओढून काढला, पुसला, नवं सील घातलं, नवं तेल ओतलं. लोवरी त्याचा चहा घेऊन आली आणि बघत उभी राहिली.

“चांगला काडून फुटका घालतोयस?”

“फुटका न्हाई. झिजका.”

“पर का?”

“गाडी दुरुस्त करतोय.”

लोवरीनं कप बाकावर ठेवला. तिला नवल वाटलं नाही. ती गाणाऱ्यांच्या गावात आयुष्य काढलेली बाई.

शनिवारी सकाळी बस चॅपलसमोर उभी, मंडळ निळे कोट घालून आत बसलेलं, आणि ग्विलिम एक चक्कर मारायला गेला. तळ्यापलीकडनं ‘ला’ यायला लागला. कुंपणात शिंगं अडकलेल्या बोकडासारखा गोळा रडत होता. बसमधले सगळे एकमेकांकडं बघायला लागले. इद्वल फुटपाथवर उभा, हात खिशात, मुठी वळलेल्या. गाडी आली, थांबली. ग्विलिमचा चेहरा आंघोळ घातलेल्या पोरासारखा.

“ऐकलंस?” तो म्हणाला.

“काय?”

“तेच की! काय बी न्हाई! एकदम गप! तीस वर्षं चालली तशी!” मग सीटवर अर्धा उठून बसच्या खिडक्यांकडं तोंड करून तो गरजला, “मंडळी, कान तो कानच! एलिसचं बीज हाय!”

बसनं टाळ्या वाजवल्या. टेगिड तोंड उघडून बसला होता, त्याला शेजाऱ्यानं कोपर मारलं. इद्वलनं टोपीला हात लावला. गाडी खराब करून नाव वाचवलं, त्याला त्यात लाज वाटत होती का? खरं सांगायचं तर नाही. तो थडग्यांकडं बघून नुसता हसला.

फड तंबूत होता. बाहेर चिखल, आत ओल्या लोकरीचा वास. हेब्रोनचा नंबर लागला. मोरवीथबाईनं गाईसाठी आधीच सगळं शेत धुंडाळलं होतं. यंदा गाय नव्हती. परीक्षक पुढच्या टेबलाशी, पेन्सिलीला टोक काढून.

गाणं चांगलं चाललं. इद्वलच्या उजव्या हाताला ग्विलिम, छाती काढून. शेवटचं कडवं आलं. इथं आवाज उतरवत उतरवत इतका बारीक आणायचा, की ऐकणारा पुढं झुकला पाहिजे. मोरवीथबाईचे हात खाली आले. खर्जाला तिथं गप राहायचं असतं, वरचे एकटे गातात. खर्जानं तोंडं मिटली. आणि इद्वलच्या उजव्या कानात, जवळनं, आपुलकीनं, सुरू झाला ‘ला’.

परीक्षकानं पेन्सिल उचलली.

मोरवीथबाईची मान जराशी वळली. ती तंबूच्या कापडाकडं बघत होती, कुठं मोटार चालू आहे का म्हणून. तिच्या डोळ्यांत दर वर्षीचं तेच.

इद्वलला आता गप उभं राहायला कुणी अडवलं नव्हतं. नाव सकाळीच परत मिळालं होतं, गाजतवाजत. मंडळ हरलं असतं, दर वर्षी हरतंच. पण बिघाड कुठं आहे हे ऐकू येतंय आणि हात लावायचा नाही, हे त्याला कधी जमलंच नव्हतं; म्हणून तर हा सगळा घोटाळा झालेला. त्यानं विचार केला, क्लच दाबला की आवाज बंद होतो. आणि त्यानं आपला जाड तळव्याचा बूट ग्विलिमच्या डाव्या पायावर ठेवला आणि दाबला.

ग्विलिमनं ओठ दाताखाली धरले, श्वास आत ओढला. ‘ला’ बंद.

तंबूत एवढी शांतता झाली, की दोरीला बांधलेली पताका हलल्याचं ऐकू आलं. वरचे गात होते, पाण्यावर बोट फिरवावं तसे. टेगिडचा सूर लांबनं आल्यासारखा. इद्वलनं दाबून धरलं. कडवं संपेपर्यंत धरलं, आणि मग क्लच सोडायचा असतो तसा पाय सावकाश उचलला.

परीक्षकानं पेन्सिल खाली ठेवली आणि डोळे पुसले.

हेब्रोन पहिलं आलं. ढाल घ्यायला थोरला पंच म्हणून ग्विलिम मंचावर गेला तो लंगडत. मोरवीथबाई उघड्यावर रडत होती, आणि यंदा ते गाय नव्हती म्हणून, असं सगळ्यांना सांगत होती. बसपाशी सगळे जमले, ढाल हातोहात फिरली, कुणीतरी विचारलं, “ग्विलिमदादा, पायाला काय झालं?”

“काय झालं? ह्या इद्वलला इचारा!” ग्विलिमनं बूट काढून दाखवला. “ऐन गाण्यात माझ्या पायावर हुबा ऱ्हायला. आख्खं कडवं! वरडावं तर तोंड मिटल्यालं पायजे.”

सगळे इद्वलकडं वळले. “का रं, इद्वल?”

इद्वलनं ग्विलिमकडं बघितलं. ढाल काखेत, एका पायात बूट, दुसऱ्यात मोजा, आणि मोज्याला भोक. टेगिडकडं बघितलं. टेगिड आभाळाकडं बघत होता.

“पाय घसरला,” इद्वल म्हणाला.

“आख्खं कडवं घसरत व्हता?”

“हळूहळू घसरला.”

अख्खी बस हसली. ग्विलिमच्या हातात चहाचा कप होता. तो त्यानं बॉनेटवर ठेवला. इद्वलनं ते बघितलं आणि काय येणार ते त्याला ऐकू यायच्या आधी कळलं.

“इद्वल पाय,” ग्विलिम म्हणाला.

ते तिथंच चिकटलं. सोमवारी खाटकाच्या फळ्यावर होतं. लांबनं लोक आजही जुन्या गाड्या घेऊन येतात, चौकात विचारतात, “इथं ते कान कुठं राहतात?” आणि पोरं चॅपलच्या मागं बोट दाखवून सांगतात, “पाय तिकडं ऱ्हातो.” गिऱ्हाईक घाबरतं. गॅरेजमध्ये दांडा कानात घालून डोळे मिटलेला माणूस दिसला की त्याच्या जिवात जीव येतो.

इद्वल पहिले काही दिवस थडग्यांमधनं न जाता लांबच्या वाटेनं गॅरेजला गेला. मग पावसाळी दिवसांत ते परवडेना. आता तो बापाच्या दगडापाशी थांबतो, बुटाचा चिखल त्याच दगडाच्या कडेला घासतो आणि पुढं जातो.

पुढच्या वर्षी फडाच्या दिवशी ग्विलिम खाणीतले जुने बूट घालून आला, पुढं लोखंडी टोपण असलेले. “बघू आता कोन घसरतंय,” म्हणाला. गाडी तळ्यापासनं रडत आली होती. इद्वल घराच्या दारात उभा राहून त्या बुटांकडं बराच वेळ बघत राहिला.

“आता रं?” लोवरीनं विचारलं.

“त्येचा डावा गुडघा बी दुखतोय,” इद्वल म्हणाला.

“मग?”

“मग काय. इद्वल गुडघा बी वाईट न्हाई.”